पोळ्याचा बैल

सातवीत पोळ्याला मी शाळेत मातीचा बैल केला होता. तेरणेकाठची काळी माती, त्यात चाळलेली राख. चांगला वीतभर, वशिंडासकट. गोरोबाकाकांचं तेर हे, कुंभाराचा आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, शाळेला हक्काचा. बैल आव्यात गेला आणि पोटातून फुटून बाहेर आला. मी रडायला लागले. चित्रकलेच्या सरांनी तुकडे ओंजळीत घेतले, फुटलेली कड दाखवली. म्हणाले, "भरीव केलास ना? आतली ओल वाफ होऊन निघणार कुठून?" दुसरा बैल त्यांनी माझ्याच हातून करून घेतला. तारेनं दोन भाग कापले, चमच्यानं आतली माती कोरली, पुन्हा सांधले आणि कडब्याच्या काडीनं पोटाखाली भोक पाडलं. तो बैल टिकला.

पुढच्याच शनिवारी सरांनी वर्गाला रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात नेलं. गावातच असून मी तिथं कधी नीट थांबले नव्हते. सातवाहन काळातली एक मातीची स्त्रीमूर्ती, तोंड माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं. पण गळ्यातल्या माळेचा मणी न् मणी वेगळा! काचेला नाक टेकवून कितीतरी वेळ पाहत राहिले. मूर्ती कुठं संपते आणि दागिना कुठं सुरू होतो, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही कळत नाही, म्हणून मी दोन्ही करते.

नंतर औरंगाबादला कलेचा फाउंडेशन कोर्स, मुंबईला जे.जे. कला महाविद्यालयात शिल्पकला. पहिलं मोठं ओतकाम बिघडलं. मेणाच्या मूर्तीभोवती साचा करतात, मेण वितळवून काढतात आणि त्या जागी धातू ओततात. मी त्या मूर्तीला हवा निघायच्या वाटा कमी ठेवल्या होत्या. सुमारे ११०० अंशांना तापलेला ब्राँझचा रस खांद्यापाशीच अडला, डावा हात उतरलाच नाही. त्या रात्री फुटका बैल फार आठवला.

मग दागिने शिकायला एका सोनारकाकांकडे तीन वर्षं बागेसरीपुढे, म्हणजे सोनाराच्या शेगडीपुढे, बसले. बोरमाळेचा मणी दोन वाट्यांचा असतो, आत पोकळ. टाकणखार लावून डाक देताना, म्हणजे वाट्या सांधताना, आतली हवा कोंडली, तर तापल्यावर सांधा उडतो. म्हणून दोऱ्याचं भोक आधीच पाडायचं. काका हे सांगायला लागले आणि मी मध्येच म्हणाले, "माहीत आहे. आमच्या सरांनी बैलाला पाडलं होतं."

तो बैल अजून माझ्या कामाच्या टेबलावर आहे. एक शिंग तेवढं मोडलंय. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या प्रदर्शनात ठेवायला घेऊन येते आहे. मुलांना तो हातात घेऊ द्या, उलटा करून पाहू द्या.