ओट्याखालच्या दारांचा रंग

सांगली, सोमवार

पाऊस उघडला, हवा कोरडी झाली. दसरा ते दिवाळी हे दिवस लाकडाच्या रंगकामाला सगळ्यांत चांगले. भर पावसाळ्यात ऑइल पेंट मारला तर हवेतल्या दमटपणाने चकाकी मरते, वर पांढुरकी झाक येते, आणि दार दोन दिवसांनीही हाताला चिकटतं. ज्यांना स्वयंपाकघराची जुनी शटर्स, म्हणजे ओट्याखालच्या आणि वरच्या कपाटांची दारं, बदलणं परवडत नाही त्यांनी हे दिवस सोडू नयेत.

शेडकार्ड, म्हणजे छटांचं कार्ड, मात्र सगळ्यांत शेवटी उघडावं. आधी बघायचं ते जे बदलणार नाही ते: ओट्याचा दगड, भिंतीच्या टाइल्स, फरशी. काळा ग्रॅनाइट किंवा कडप्पा कुठल्याही रंगाला सांभाळून घेतो. कोटा किंवा शहाबादी फरशीत हिरवट-करडी छटा असते. तिच्यावर गुलाबीकडे झुकणारा क्रीम मळलेला दिसतो, पिवळसर आयव्हरी किंवा मंद हिरवा शोभतो. भिंतीला जुन्या क्रीम-तपकिरी टाइल्स असतील तर शटरला शुभ्र पांढरा देऊ नये. पांढऱ्याशेजारी त्याच टाइल्स पिवळ्या, जुनाट दिसायला लागतात आणि मग टाइल्स बदलायचा खर्च डोक्यात येतो.

मंगळवार

या गावात हळदीचा विचार आधी. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ती कढईत पडतेच आणि हातांवरून दारांवरही येते. तिच्यातलं कुरक्युमिन, म्हणजे पिवळं रंगद्रव्य, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं, म्हणून फोडणीच्या तेलाबरोबर ते मूठीभोवतीच्या रंगात मुरतं. साबणाने किंवा सोड्याने पुसलं की डाग लालसर होतो आणि माणूस घाबरून आणखी घासतो. तसं करू नये. तो क्षाराचा परिणाम आहे, स्वच्छ पाण्याने पुसलं की पुन्हा पिवळा होतो. उजेडाने हा पिवळा हळूहळू उडतो. ज्या दारावर ऊन येतं तिथे डाग टिकत नाही, शेगडीखालच्या अंधाऱ्या दारावर टिकतो.

पांढरा, फिका निळा, जांभळट करडा यांवर हळद लगेच दिसते. आयव्हरी, गहूवर्णी, मंद पिवळा, विटकरी यांत ती लपते. मग सरळ गडद का नको? कारण आपल्याकडे भाकरी थापली जाते. नेव्ही ब्ल्यू किंवा काळ्या चकचकीत शटरवर ज्वारीचं पीठ दुपारपर्यंत नकाशासारखं दिसतं, आणि बोअरच्या पाण्याचे थेंब वाळून पांढरे ठिपके राहतात. माझं मत पक्कं आहे: खाली मध्यम छटा, स्मोक ग्रे किंवा मातकट हिरवा, वर आयव्हरी. ओट्याचा दगड पुढे आलेला असल्याने खालच्या दारांवर सावली पडते आणि तिथला रंग कार्डापेक्षा गडद दिसतो. कार्डावर जी छटा आवडली, तिच्यापेक्षा एक पायरी फिकी खाली द्यावी.

बुधवार

पैशांचा हिशेब. गुळगुळीत पृष्ठभागावर एक लिटर ऑइल पेंट एका हाताला, म्हणजे एका थराला, साधारण १०० ते ११० चौरस फूट जातो, म्हणजे दोन हातांना जेमतेम ५० ते ५५. खाली आठ दारं, १८ बाय २७ इंचांची: एक बाजू २७ चौरस फूट. वर सहा दारं, १८ बाय २४ ची: १८ चौरस फूट. फक्त बाहेरची बाजू आणि कडा रंगवायच्या तर खालच्यांना सुमारे अर्धा लिटर आणि वरच्यांना त्याहून थोडा कमी लागतो. चौकटी धरून खाली एक लिटर घ्यावा, वर अर्धा. आतली सनमायका चांगली असेल तर तिला हात लावू नये, निम्मा रंग तिथेच वाचतो. चार लिटरचा डबा लिटरमागे स्वस्त पडतो खरा, पण उरलेल्या रंगावर साय धरते आणि तो वाया जातो.

छटा दोनच ठेवाव्यात. तिसरी छटा म्हणजे आणखी एक अर्धवट डबा. कंपनीची तयार छटा मिळत असेल तर तीच घ्यावी. वर्षभराने मूठीजवळ टवका उडाला की तिचा १०० मिलीचा डबा सहसा मिळून जातो. मशीनवर मिसळलेला रंग दुकानदार परत घेत नाही. पुढे तीच छटा पुन्हा करून घेता यावी म्हणून छटेचा क्रमांक आणि बेस (ज्यात रंगद्रव्य मिसळतात तो मूळ रंग) डब्याच्या झाकणावर लिहून ठेवावा. दोन डबे लागणार असतील तर दोन्ही बादलीत एकत्र करून मगच सुरुवात करावी, नाहीतर शेजारशेजारची दोन दारं वेगळी दिसतात.

नमुना भिंतीवर मारू नये. सनमायकाच्या किंवा प्लायच्या तुकड्यावर दोन हात द्यावेत आणि तो तुकडा उभा करून शेगडीखाली ठेवावा. सकाळी, दुपारी आणि रात्री ट्यूबच्या उजेडात बघावा. पांढऱ्या एलईडीत करडा निळसर होतो, पिवळ्या बल्बखाली तोच मातकट होतो. ओला रंग बघून काही ठरवू नये. पाण्याचा एनॅमल, म्हणजे तेलाऐवजी पाण्यात केलेला चकचकीत रंग, ओला असताना फिका दिसतो आणि वाळल्यावर गडद होतो.

गुरुवार

ऑइल पेंट की पाण्याचा एनॅमल, हाही रंगाचाच प्रश्न आहे. पांढरा ऑइल पेंट उजेड नसलेल्या जागी पिवळा पडतो, त्यामुळे कपाटाच्या आतल्या बाजूला तो आधी पिवळट होतो. पाण्याचा एनॅमल तसा पडत नाही, वासही कमी, पण महाग, आणि पूर्ण कडक व्हायला दोन-चार आठवडे घेतो. तोवर दार चौकटीला चिकटतं आणि ओढलं की पापुद्रा सुटतो. पांढराच हवा असेल तर पाण्याचा घ्यावा. आयव्हरी चालत असेल तर ऑइल पेंट, कारण त्यातला पिवळेपणा कुणाच्या डोळ्यांत येत नाही. कमी बजेटचं खरं उत्तर मला आयव्हरीतच दिसतं.

शुक्रवार

रंग सुटतो तो बहुतेक वेळा तेलामुळे. शेगडीच्या आसपासच्या दारांवर वर्षानुवर्षांचा चिकट थर असतो. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा, हातमोजे घालून पुसायचं, मग दोनदा साध्या पाण्याने. सोडा राहिला तर तोही रंग धरू देत नाही. एक दिवस वाळू द्यावं. दारं काढताना बिजागरीच्या खळग्यात क्रमांक लिहावा, बाहेर लिहिला तर रंगाखाली जातो.

मग घासणं. जुना ऑइल पेंट १८० नंबरच्या पॉलिश पेपरने, सनमायका २२० ने, चकाकी पूर्ण जाईपर्यंत. ज्या घरात फार जुना ऑइल पेंट आहे तिथे कोरडं घासू नये. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात ते किती असेल ते नजरेने कळत नाही. वॉटर पेपर थोडा ओला करून घासावा, लहान मुलांना दूर ठेवावं, चिखल फडक्याने पुसून फडकं फेकून द्यावं.

सनमायकावर साधा वुड प्रायमर, म्हणजे रंगाआधीचं अस्तर, टिकत नाही. लॅमिनेटला चिकटणारा प्रायमर मागून घ्यावा, खर्च वाढला तरी. इथे वाचवलेले पैसे नखाने खरवडून निघतात. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीच्या, कडा रंग पितात, त्यांना पातळ केलेल्या प्रायमरचे दोन हात आधी द्यावेत. भेगांना लांबी (पुट्टी) भरावी, ती वाळल्यावर २२० चा पेपर. गडद छटा असेल तर प्रायमरमध्येच थोडा तो रंग मिसळावा, म्हणजे तिसरा हात लागत नाही.

रंगाचे दोन हात पातळ. जाड मारला की वरची साय आधी वाळते, खालचा ओला राहतो आणि सुरकुत्या पडतात. चार इंची फोमचा रोलर, खोबणीत फक्त ब्रश, दार आडवं ठेवून. दोन हातांमध्ये रात्र जाऊ द्यावी आणि मध्ये ३२० ने हलकं घासून धूळ पुसावी. ऑइल पेंट पातळ करायला टर्पेंटाइनच वापरावं. रॉकेलने वाळायला वेळ लागतो आणि चकाकी जाते. हे सगळं चालू असताना गॅस बंद, आणि देवघर स्वयंपाकघरातच असेल तर दिवाही दुसऱ्या खोलीत.

गावभागासारख्या पुराच्या भागात, जिथे २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं, तिथे खालची दारं एकदा फुगलेल्या एमडीएफची असतील तर त्यांवर रंगाचा खर्च करू नये. फुगलेली कड घासून सपाट होत नाही. त्यापेक्षा खाली पडदा लावावा आणि वरच्या दारांना चांगला रंग द्यावा.

दारं तीन दिवसांनी लावावीत, मुठी शेवटी. पहिले दोन आठवडे फक्त ओल्या फडक्याने पुसायचं, साबण नाही.