पेशकब्जाची मूठ

आमच्या संग्रहालयाच्या नोंदवहीत एका पेशकब्जापुढे, म्हणजे चिलखत भेदणाऱ्या खंजिरापुढे, ‘मूठ : हस्तिदंत’ अशी नोंद माझ्याच अक्षरात होती. नोकरीला लागून तेव्हा मला जेमतेम वर्ष झाले होते. पांढुरकी, गुळगुळीत, जराशी पिवळटलेली मूठ दिसली आणि मी लिहून मोकळी झाले. अठरा वर्षांनी, ज्या कुटुंबाने हे शस्त्र आमच्याकडे प्रदर्शनासाठी ठेवले होते त्यातील एक वयस्कर काका ते परत न्यायला आले, तेव्हा ती नोंद पुन्हा उघडावी लागली. हस्तिदंत म्हटला की वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आणि वन खात्याचे मालकी-प्रमाणपत्र हे विषय ओघानेच येतात; म्हणून कागदपत्रे पुरी करण्याआधी मूठ नीट तपासायचे ठरले.

काका टेबलाशी खुर्ची ओढून बसले. “मॅडम, आमच्या पूर्वजांनी हे पानिपतावरून आणलेलं आहे,” त्यांनी सांगितले. त्यांच्यासोबत आलेल्या पुतण्याने सुई लाल तापवून मुठीला टोचून पाहण्याचा सल्ला दिला. प्लास्टिक ओळखण्याची ही रीत बाजारात चालते खरी. पण तिचा डाग कायमचा राहतो, त्यामुळे मी ती माझ्या टेबलावर कधीच होऊ देत नाही.

हत्तीच्या दाताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते. हिला श्रेगर रेषा म्हणतात. दाताच्या बाहेरच्या भागात या रेषांचा कोन हत्तीच्या बाबतीत साधारण ११५ अंशांहून मोठा असतो, तर मॅमथ या नामशेष झालेल्या केसाळ हत्तीच्या बाबतीत ९० अंशांहून लहान असतो. लांबीच्या दिशेने कापलेल्या पृष्ठभागावर ही जाळी दिसत नाही, म्हणून मी भिंगाखाली मुठीचे टोक धरले, कारण आडवा छेद उघडा असतो तो तिथेच. तिरपा प्रकाश टाकून बराच वेळ पाहिले, पण जाळीचा मागमूस नव्हता.

मुठीच्या दोन्ही अंगांना एकेक पट्टी खिळ्यांनी बसवलेली होती. मग मी पेशकब्जाची उजवी बाजू वर केली आणि मला माझीच लाज वाटली. त्या बाजूच्या पट्टीच्या कडेला एकसंध, साईसारखा थर होता आणि मधोमध साबुदाण्याची खीर गोठावी तसे अर्धपारदर्शक गोल दाणे एकमेकांत रुतून बसले होते. असा गाभा वॉलरस या उत्तर ध्रुवाकडच्या समुद्री प्राण्याच्या सुळ्यात असतो. आर्क्टिकच्या किनाऱ्यावरून रशियन व्यापाऱ्यांमार्फत हे सुळे इराणपर्यंत आणि तिथून हिंदुस्थानात येत. दरबारात त्यांना ‘दंदान-ए-माही’, म्हणजे माशाचा दात, म्हणत. स्वतः जहांगीर बादशहाला अशा मुठींचा किती शौक होता, ते त्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. ज्या मुठीसाठी बादशहा माणसे धाडीत असे तसली मूठ हाताशी असून मी तिला एका शब्दात उरकले होते.

डाव्या पट्टीवर मात्र दाणे नव्हते. तिच्यावर पेन्सिलीचे टोक टेकवल्यासारखे बारीक काळे ठिपके आणि लांबीच्या दिशेने तुटक रेघा होत्या. त्या हाडातल्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. वर्षानुवर्षांचा मळ त्यांत बसून त्या अशा काळ्या दिसू लागतात. या बाजूचे खिळे पितळेचे होते, तर उजवीकडचे लोखंडाचे. एक पट्टी केव्हातरी बदललेली होती, हे उघड होते.

मुठीचे द्रव्य उत्तर ध्रुवाकडचे म्हणून शस्त्रही तिकडचे, असे काही होत नाही. चिलखताच्या कड्यांतून घुसावे म्हणून पाठ जाड ठेवून टोकाकडे निमुळते केलेले हे पाते इराण, अफगाणिस्तान आणि उत्तर हिंदुस्थान अशा तिन्ही ठिकाणी घडत असे. उगम ठरवायला मला मदत झाली ती मुठीच्या कडेने फिरणाऱ्या लोखंडी पट्टीची. तिच्यावर कोफ्तगरी होती, म्हणजे लोखंड सुरीने आडवे-उभे खरवडून त्यावर सोन्याची तार ठोकून बसवलेली. सोने झिजले होते तिथे ते खरवडे नखाला लागत होते. फुलावेलींची धाटणी पंजाबची वाटली. सियालकोट आणि पंजाबातल्या गुजरात या गावी हे काम एकोणिसाव्या शतकातही जोरात चालत असे. १७६१ सालचे मानावे इतके जुने ते मला वाटले नाही आणि ते मी काकांना स्पष्टपणे सांगितले.

ते काही क्षण गप्प राहिले. मग डावी बाजू डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, “लहानपणी इथं एक चीर होती. आजोबा म्हणायचे, बोट लावू नको, कापेल. ती कुठं गेली, हे मी कधी कुणाला विचारलंच नाही.”

नोंदवहीतला ‘हस्तिदंत’ मी एका रेघेने, वाचता येईल असा, खोडून बाजूला तारीख आणि सही केली आणि खाली लिहिले : ‘उजवी पट्टी वॉलरसचा सुळा; डावी पट्टी हाड, नंतर बसवलेली; कोफ्तगरी, बहुधा पंजाब, एकोणिसावे शतक.’ पानिपताची हकीकत ‘कुटुंबाचे सांगणे’ या रकान्यात काकांच्याच शब्दांत उतरवली, तेव्हा चिरेचीही तिथेच नोंद करा, असे त्यांनी सांगितले.