टिरोलमधल्या एका जंगलरस्त्याची परवानगी : माझा अनुभव

म्युनिकहून दक्षिणेकडे ग्रॅव्हल सायकल (कच्च्या रस्त्यावरही चालणारी) घेऊन जाणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितेय. तलाव कुठले, चढ किती, कॉफी कुठे चांगली, हे सगळीकडे वाचायला मिळतं. पण सीमा ओलांडून ऑस्ट्रियात शिरल्यावर समोरच्या कच्च्या रस्त्यावर सायकल घालायची परवानगी नेमकी कुणाकडे मागायची, हे आम्हाला कुणीही सांगेना. एक अख्खा उन्हाळा त्यात गेला. त्याचा राग अजून गेलेला नाही, त्यामुळे लिहिण्यात तोच भाग जास्त येणार.

आधी बव्हेरियाच्या, म्हणजे म्युनिक ज्या जर्मन राज्यात आहे त्याच्या, बाजूचं सांगून टाकते, कारण तिथे अडचण अशी आलीच नाही. लेंगग्रीसपर्यंत रेल्वेने जायचं, याखेनाउच्या दरीतून वाल्खेनझे तलाव गाठायचा, तलावाच्या दक्षिण काठाच्या टोलरस्त्याने वळसा घालून वालगाउला उतरायचं आणि तिथून इझार नदीच्या सोबतीने फोर्डररिस, झिल्वेनश्टाइनचं धरण करत पुन्हा लेंगग्रीसला यायचं. हा फेरा मी डोळे मिटून कुणालाही सुचवेन. वाल्खेनझे सुमारे 190 मीटर खोल आहे आणि त्याचं पाणी उन्हात असं हिरवंनिळं दिसतं की सायकल थांबवावीच लागते. त्याच्या उत्तरेला सुमारे 200 मीटर खाली कोखेलझे आहे. या दोन तलावांच्या उंचीतल्या फरकावर 1924 पासून वीज तयार होते. वालगाउ ते फोर्डररिस हा टोलरस्ता डांबरी आहे, पण सायकलला टोल नाही आणि गाड्याही तुरळक. शेजारी इझारचं पांढऱ्याशुभ्र गोट्यांचं रुंद पात्र. झिल्वेनश्टाइनचं धरण पुरापासून संरक्षणासाठी बांधलं, 1959 साली पूर्ण झालं. फाल नावाचं जुनं गाव त्या पाण्याखाली गेलं आणि वरच्या बाजूला नव्याने वसवलं. पुलावरून जाताना हे ठाऊक असलं की पाण्याकडे बघण्याची नजर बदलते.

या सगळ्या टापूत जंगलातले कच्चे रस्ते जागोजागी फुटतात आणि त्यांवर सायकल नेता येते. बव्हेरियाच्या 1946 च्या राज्यघटनेतच, कलम 141 मध्ये, निसर्गात मुक्तपणे फिरण्याचा हक्क दिलेला आहे. योग्य त्या वाटेवर सायकल चालवण्याची मुभा त्यातूनच आलेली. पायी चालणाऱ्याला आधी वाट द्यायची, बस्स.

आमच्या गटाला मात्र पुढे आखेनझेपर्यंत जायचं होतं. आखेनझे हा ऑस्ट्रियाच्या टिरोल राज्यातला सर्वांत मोठा तलाव. आखेनपास या खिंडीवरचा मुख्य रस्ता सुट्टीच्या दिवशी मोटारसायकलींनी गजबजलेला असतो, तो मला नको होता. नकाशावर एका दरीतून जाणारा, छोटी खिंड ओलांडून पलीकडे उतरणारा जंगलरस्ता स्पष्ट दिसत होता. रूट आखून देणारी सगळी ॲप तोच सुचवत होती. पण ॲपला रस्ता आहे एवढंच कळतं. तिथे सायकलला परवानगी आहे की नाही, याची हमी ते देत नाही.

ऑस्ट्रियाचा 1975 चा वन कायदा वेगळा आहे. त्याचं कलम 33 सांगतं की विरंगुळ्यासाठी जंगलात पायी कुणीही फिरावं, पण तिथे वाहन चालवायला मालकाची संमती लागते, आणि यात सायकलही आली. जंगलरस्ता असेल तर त्या रस्त्याची देखभाल ज्याच्याकडे असते त्याची संमती. टिरोल सरकार अनेक जमीनमालकांशी करार करून असे रस्ते सायकलसाठी खुले करतं, अपघाताच्या जबाबदारीचा विमाही उतरवतं आणि तिथे सायकलमार्गाची पाटी लावतं. पाटी दिसली की निर्धास्त जायचं. आमच्या रस्त्याला पाटी नव्हती. सीमेवर फक्त एक दगड आहे. त्याच्या अलीकडे हक्काने चालवायची आणि पलीकडे विचारून, हा फरक जमिनीवर कुठेही दिसत नाही, खडीसुद्धा तीच.

विचारायला माझी हरकत नव्हतीच. मी मूळची नाशिकची, भंडारदऱ्याच्या कडेने रतनवाडीकडे जाताना वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडायची सवय आहे. पण तिथे नाक्यावर माणूस बसलेला असतो! इथे माणूसच सापडेना. पर्यटन कार्यालयाला ईमेल केला, त्यांनी गावच्या कार्यालयाकडे पाठवलं. गावच्या कार्यालयाने वनाधिकाऱ्यांकडे. वनाधिकारी फोनवर अगदी सौजन्याने बोलले, की संमती मालक देतो, आम्ही नाही. मग मालक कोण? तर ते सांगता येणार नाही, व्यक्तिगत माहिती आहे. मी पुन्हा गावच्या कार्यालयात फोन केला. तिथल्या बाईंनी सांगितलं, पत्र लिहा, आम्ही बघू. पत्र लिहिलं. काही आठवड्यांनी विचारलं तर संबंधित व्यक्ती सुट्टीवर. ती व्यक्ती सुट्टीवरून आली तेव्हा उत्तर आलं की हा विषय आमच्या अखत्यारीत नाही, कृपया मालकाशी संपर्क साधावा.

मला चीड आली ती यानंतर. ऑस्ट्रियात जमिनीची नोंदवही, म्हणजे ग्रुंडबुख, सर्वांना खुली असते. आपल्या सातबाऱ्यासारखा तिचा उतारा थोडे पैसे भरून कुणीही ऑनलाइन काढू शकतो. जे नाव सांगायला वनाधिकारी गोपनीयतेचं कारण देत होते, ते कायद्यानेच उघड ठेवलेलं होतं. एवढं एक वाक्य पहिल्याच फोनवर कुणी बोललं असतं तर जून महिन्यात आम्ही आखेनझेच्या पाण्यात पाय सोडून बसलो असतो.

तर मार्ग असा. टिरोल सरकारचा टिरिस नावाचा नकाशा इंटरनेटवर फुकट बघता येतो. त्यात रस्ता शोधा, जमिनीच्या तुकड्यांच्या सीमा दिसतील असा थर चालू करा, तुकड्याचा क्रमांक आणि त्या महसुली विभागाचा क्रमांक टिपून घ्या. मग अधिकृत सेवेकडून ग्रुंडबुखचा उतारा मागवा. आमचा रस्ता वेगवेगळ्या मालकांच्या तुकड्यांतून जात होता, ते बघून गटातल्या दोघातिघांनी नादच सोडला. मी पुन्हा कलम 33 वाचलं. रस्त्याच्या बाबतीत संमती देखभाल करणाऱ्याची लागते, प्रत्येक तुकड्याच्या मालकाची नव्हे. उताऱ्यांत सर्वांत मोठा हिस्सा गावातल्या शेतकऱ्यांच्या एका सामाईक संस्थेचा होता. तिच्या प्रमुखाला तिकडे ओबमान म्हणतात. रस्ता तीच संस्था राखते हे त्याच्याकडूनच कळलं. त्याच्यापर्यंत पोचायची ही वाट मी स्वतः शोधून काढली, आणि याचा मला अभिमान आहे.

त्याला मी कागदावर पत्र पाठवलं, जर्मनमध्ये. कोण, किती जण, कुठून कुठे, किती वाजता शिरणार, किती वाजता बाहेर पडणार. प्रत्येकाचा वैयक्तिक जबाबदारीचा विमा आहे, आणि रस्ता आहे तसा आम्ही स्वीकारतो, हेही लिहिलं. हे वाक्य विसरू नका. तिकडच्या कायद्यात वाट राखणाऱ्याने गंभीर हलगर्जी केली आणि कुणाला इजा झाली तर भरपाई त्याच्यावर येते, म्हणून ही माणसं हो म्हणायला कचरतात. ती आडमुठी असतात असं समजू नये.

ओबमानने थेट फोन केला. म्हणाला, "सप्टेंबरच्या मध्यापासून महिनाभर नको. हरणांचा माजाचा काळ असतो, शिकारी लोकांना शांतता लागते. त्यानंतर या." वेळ सकाळी नऊ ते दुपारी चार. फाटक ज्या स्थितीत सापडेल त्याच स्थितीत ठेवायचं. गोठ्याच्या अंगणातून सायकल हातात धरून चालायचं. मी लेखी मागितलं. तो म्हणाला, "मी हो म्हणतोय ना!" मी तरी आग्रह धरला आणि सहीचा कागद आला. तोंडी होकारावर जाऊ नका, कारण जंगलात तुम्हाला अडवणारा माणूस बहुधा शिकारीचा हक्क भाड्याने घेतलेला असतो, आणि ओबमान फोनवर काय बोलला हे त्याला माहीत नसतं. आम्हालाही एक जीप आडवी आली. कागद दाखवला, त्याने सावकाश वाचला आणि गाडी कडेला घेतली.

ऑक्टोबरच्या अखेरीची कारवेंडेल डोंगररांग मी पहिल्यांदाच बघत होते. लार्चची झाडं पिवळीधमक झालेली, गुरं खाली उतरलेली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. खिंडीतून पलीकडे उतरताना आखेनझे दिसला आणि आम्ही सगळे ओरडलो. उन्हाळाभराची कटकट त्या उतारावर वसूल झाली.

आठवेल तसं अजून थोडं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर मागे जातं, पाचनंतर अंधार पडतो, पुढचा-मागचा दिवा हवाच. तिकडची चुनखडीची खडी धारदार आहे, 40 मिलिमीटरच्या खालचे टायर नकोत, मी 45 चे ट्यूबलेस वापरते. पासपोर्ट आणि जर्मनीचं निवासकार्ड दोन्ही बरोबर ठेवा. जर्मनीत परतताना तपासणी होऊ शकते आणि कार्डाचा फोटो चालत नाही. डॉइचलांडटिकेटमध्ये, म्हणजे जर्मनीभर स्थानिक गाड्यांना चालणाऱ्या मासिक पासमध्ये, सायकल धरलेली नाही, तिचं तिकीट वेगळं. म्युनिकच्या एस-बानमध्ये, म्हणजे लोकलमध्ये, सोमवार ते शुक्रवार सकाळी 6 ते 9 सायकल नेता येत नाही, त्यामुळे कामाच्या दिवशी रजा टाकून निघणार असाल तर मुख्य स्थानकापर्यंत चालवतच जा. आणि चढ आपल्या घाटासारखा संथ नसतो, जंगलरस्ते एकदम उभे चढतात. पुढच्या चेनरिंगला (पेडलजवळच्या दातेरी चक्राला) जितके दाते, निदान तितके मागच्या सर्वांत मोठ्या चक्रालाही हवेत.

पत्र पाठवायचं तर हिवाळ्यात पाठवा. जूनमध्ये गवताची कापणी सुरू झाली की तिथला शेतकरी टपाल उघडायलाही बसत नाही. शेजारच्या दरीतल्या रस्त्यासाठी मी यंदा जानेवारीतच उतारे काढले, आणि पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहिलं की सप्टेंबरच्या मध्यानंतरचा महिना सोडून कुठलाही दिवस चालेल.