गावाला गेला होता का?

साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात पळताना आज दुसऱ्याच वळणावर थांबलो. कठड्याला हात टेकून. घड्याळात हृदयाचे ठोके 172.

मागून रोज चालायला येणारे काका आले. हातात तीच दांडी तुटलेली छत्री. "बरेच दिवस दिसला नाहीत. गावाला गेला होता का?"

"हो," म्हणालो. साफ खोटं! जानेवारीत मुंबई मॅरेथॉनचे 42 किलोमीटर पळालो, मग 'पंधराच दिवस विश्रांती' म्हणता म्हणता जून उजाडला.

शास्त्र पाठ आहे. दोन-तीन आठवडे पळणं थांबलं की रक्तातला द्रव घटतो, त्याच वेगाला हृदय जास्त धडधडतं. सप्टेंबरात सातारा हिल हाफ मॅरेथॉन, याच घाटात. तोवर येईल दम परत.

पण काका छत्री टेकत वळणाआड गेले, आणि मला काही त्यांना गाठता आलं नाही. त्यांचा सीझन बहुतेक संपतच नाही.

उद्या भेटले तर गावाकडचं काय सांगू?