आचाऱ्यांचे आचार्य होतात, तो बग कळवायचा कसा

सदाशिव पेठेतल्या एखाद्या मंगल कार्यालयाने फॉर्ममध्ये 'आचार्‍यांना आगाऊ रक्कम' असं भरलं आणि सेव्ह केल्यावर 'आचार्यांना आगाऊ रक्कम' दिसलं, तर दोष टाइप करणाऱ्याचा नाही, प्रोग्रॅमचा आहे.

'ऱ्य' हा जोड दोन प्रकारे टाइप होतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जे दाबून येणारा ऱ, मग हलन्त आणि य, हा एक. दुसऱ्यात साधा र, हलन्त, त्यानंतर झीरो विड्थ जॉइनर नावाचा न दिसणारा वर्ण (युनिकोडमधला कोड २००डी) आणि मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण कित्येक प्रोग्रॅममध्ये 'अदृश्य कचरा' काढणारी एक ओळ कुठून तरी उचलून चिकटवलेली असते. ती २००बी ते २००डी सरसकट उडवते. जॉइनर गेला की र चा रफार होतो.

आता 'मराठी नीट दिसत नाही' एवढाच इश्यू (प्रकल्पाच्या पानावरची तक्रार) टाकलात, तर मेंटेनर, म्हणजे तो ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणारा, फॉन्टवर ढकलून तो बंद करेल. त्याला देवनागरी वाचता येत नाही, दोन्ही शब्द त्याच्या लेखी सारखीच नक्षी. म्हणून बग त्याच्या डोळ्यांना दिसेल असा मांडायचा. कुटुंबाचं इमोजी याच जॉइनरने जोडलेलं असतं. ते त्याच रकान्यात भरून सेव्ह करा, आई-बाप-मूल सुटे होऊन पडतात. हे कोणालाही कळतं.

शीर्षक असं: 'सेव्ह करताना २००डी काढला जातो, मराठी शब्द व जोडलेली इमोजी तुटतात'. खाली प्रोग्रॅमची आणि ऑपरेटिंग सिस्टिमची नेमकी आवृत्ती, पायऱ्या, काय अपेक्षित होतं, काय झालं. स्क्रीनशॉट द्या, पण मजकूर कॉपी करता येईल असाही द्या, सोबत सेव्हच्या आधीचे आणि नंतरचे कोड. चित्रातून २००डी कोणाला शोधता येणार?

त्याआधी जुने इश्यू चाळा, बंद झालेलेही. फक्त 'मराठी' शोधू नका, 'फारसी' पण शोधा. फारसीला लागणारा २००सी त्याच टप्प्यात येतो, त्यामुळे तक्रार त्या नावाने आधीच आलेली असू शकते. जुन्या आवृत्तीत सगळं ठीक असेल तर गिट बायसेक्ट चालवा; कोणत्या कमिटपासून (नोंदवलेल्या बदलापासून) बिघडलं, हे ते दर वेळी अर्धे कमिट वगळत शोधतं. हजार कमिट असले तरी साधारण १० तपासण्यांत दोषी कमिट हाती लागतो, आणि तो क्रमांक दिलेला रिपोर्ट सहसा कोणी टाळत नाही. (सुरक्षेची त्रुटी असेल तर मात्र जाहीर इश्यू नको, सिक्युरिटी फाइलमध्ये दिलेल्या वाटेने खासगीत कळवा.)

पॅच (दुरुस्तीचा कोड) स्वतः देणार असाल तर आधी नापास होणारी टेस्ट लिहा, मग ओळ बदला. '२००डी काढूच नका' म्हटलं की मेंटेनर विचारेल, युजरनेममध्ये कोणी तो लपवून दुसऱ्याचं सोंग घेतलं तर? रास्त शंका आहे. उत्तर तयार आहे: डोमेन नावांच्या आयडीएनए २००८ नियमांत जॉइनर फक्त हलन्तानंतर चालतो. युजरनेमला तोच नियम लावा, मजकुराला हात लावू नका.

पॅच अडतो तो बहुतेक वेळा भलत्याच कारणाने. एडिटरने सेव्ह करताना अख्खी फाइल नव्याने फॉरमॅट केली, किंवा विंडोजवर ओळींचे शेवट बदलले, की तीन ओळींचा बदल नऊशे ओळींचा दिसतो. पुश करण्याआधी, म्हणजे बदल वर पाठवण्याआधी, काय काय बदललं ते दाखवणारा गिट डिफ स्वतः वाचा. प्रकल्प साइन-ऑफ (हा कोड देण्याचा हक्क आपल्याला आहे, अशी कमिटवरची सही) मागत असेल तर कमिटला 'मायनस एस' जोडा, नाहीतर तपासणी तिथेच लाल होते.

आणि टी-शर्टसाठी रीडमीतला (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलमधला) स्वल्पविराम हलवू नका. ऑक्टोबरमध्ये ठरावीक पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याच्या विनंत्या) पाठवणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या ओपन सोर्स उपक्रमात २०२० साली अशा पुल रिक्वेस्टचा इतका पूर आला की आयोजकांना संमती दिलेल्या प्रकल्पांपुरताच उपक्रम ठेवावा लागला. आपल्याकडच्या कॉलेजांत ऑक्टोबर लागला की हे दरवर्षी सांगायला हवं.

पॅच मर्ज झाला, म्हणजे मूळ कोडमध्ये सामावला, तरी पुढची रिलीज येईपर्यंत शिफ्ट-जे वालाच ऱ वापरा. आधी बिघडलेला डेटा मात्र आपोआप सुधारत नाही. रफार मूळचा की जॉइनर गेल्यामुळे आलेला, हे कोडला कळायला मार्ग नाही, ते माणसानेच बसून तपासावं लागतं.