हवे होते तीन आकडे, अडवलं बारा रकान्यांनी: माती परीक्षणाचा माझा अनुभव

उन्हाळी भाजीपाल्यासाठी थंडीत माती तपासून घेणार असाल, तर साध्या तपासणीचा आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांचा (जस्त, लोह वगैरे, पिकाला अगदी थोडी लागणारी) नमुना वेगळ्या पिशवीत, वेगळ्या पावतीवर द्या. हे आधीच सांगतो, कारण प्रयोगशाळेच्या काउंटरवर कोणीही सांगत नाही. तिथे दोन्ही एकाच पावतीवर चढवतात, आणि मग साध्या तपासणीचे आकडे प्रयोगशाळेच्या वहीत तयार असूनही तुमच्या हातात पडत नाहीत. पौष सरत येतो, शेणखत बांधावर येऊन पडलेलं असतं, आणि वाफे मोकळेच.

जमीन आमची मध्यम काळी, पाच गुंठ्यांची परसबाग, विहिरीचं पाणी, ठिबक. संक्रांतीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत दुधी, दोडका, कारली, काकडी, भेंडी आणि गवार टाकायची, मिरचीची रोपं लावायची. त्याआधी शेणखत किती घालायचं, चुनखडी किती आहे, क्षार चढलेत का, एवढं कळलं तरी थंडीतलं निम्मं काम मार्गी लागतं.

नमुना घेणं सोपं आहे. खत घालण्याआधी घ्या. रासायनिक खत दिलं असेल तर दोन-तीन महिने जाऊ द्या. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची आणि पाणी साचतं तिथली माती घ्यायची नाही. पाच गुंठ्यांत नागमोडी चालत पाच-सहा जागा पुरतात. वरचा काडीकचरा बाजूला करून व्ही आकाराचा २० सेंटिमीटर खोल खड्डा करा, आतली माती फेकून द्या आणि खड्ड्याच्या कडेची बोटभर जाडीची काप वरपासून खालपर्यंत तासून घ्या. सगळी एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे, असं अर्धा किलो राहीपर्यंत. सावलीत वाळवा. ओली माती नेली तर ती तिथल्या वाळवणाच्या रांगेत जाते आणि विसरली जाते. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या नमुन्याला लोखंडी फावडं, घमेलं लावू नका, लोहाचा आकडा फुगतो. लाकडी खुंटी आणि प्लास्टिकची बादली घ्या. खताच्या रिकाम्या गोणीवर माती पसरायचीच नाही.

अर्जात नाव, गाव, गट नंबर, बागायत की जिरायत, मागील पीक, पुढील पीक. पुढील पीक या रकान्यात जागा एकाच पिकाला, आणि परसबागेत लावायची असतात सात. तिथे जास्त क्षेत्र ज्याचं तेच लिहा. खताची शिफारस त्या पिकावरून निघते, बाकी पिकांचं गणित आपलं आपण करायचं.

आता मूळ दुखणं. माती तपासल्यावर मिळणाऱ्या सरकारी मृद आरोग्य पत्रिकेत १२ घटक असतात: सामू (पीएच), क्षारता (मातीतले विरघळलेले क्षार), सेंद्रिय कर्ब, नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), गंधक, आणि जस्त (झिंक), लोह, मंगल (मँगनीज), तांबं, बोरॉन. योजना २०१५ पासूनची, कल्पना उत्तम. पण या बाराही घटकांचा प्रवास सारखा नसतो. सामू आणि क्षारता काढायला माती पाण्यात १ ला २.५ या प्रमाणात ढवळून मीटर बुडवायचा. कर्ब रासायनिक पद्धतीने एका दिवसात निघतो. जस्त, लोह, मंगल, तांबं मात्र ज्योतीच्या यंत्रावर मोजतात. त्या यंत्राला ॲसिटिलीनचं सिलिंडर लागतं आणि प्रत्येक धातूसाठी वेगळा दिवा. आमच्या वेळी एक दिवा गेला होता. नवा मागवलाय, आला की लावतो, हे उत्तर पुढच्या प्रत्येक फोनला तेच. पहिले घटक कधीच झाले होते, पण संगणकावर बारा रकाने भरल्याशिवाय पत्रिका छापली जात नाही. एका दिव्यासाठी सामूसुद्धा अडकलेला! चौकशी करणाऱ्याला "मेसेज येईल" म्हणून परत पाठवायचं, हे तिथलं ठरलेलं. मेसेज बाराही रकाने भरल्यावरच सुटतो, हे मात्र कोणी बोलत नाही.

एकाच पावतीवर दिलं असेल तर यातून मार्ग एकच आहे, आणि तो विचारल्याशिवाय उघडत नाही. प्रयोगशाळेत प्रत्येक नमुन्याची वाचनं आधी हाताने वहीत लिहितात. पावतीवरचा नमुना क्रमांक घेऊन थेट तपासणी करणाऱ्या माणसाकडे जा, काउंटरवर नको, आणि "फक्त सामू, क्षारता आणि कर्ब सांगा" एवढंच म्हणा. "रिपोर्ट द्या" म्हटलं की नियम आडवा येतो. तीन आकडे मागितले की वही उघडते. सकाळी लवकर गेलेलं बरं, दुपारनंतर ही मंडळी टेबलावर नसतात. एप्रिल-मेमध्ये हा उपाय चालेलच असं नाही, खरिपाआधी नमुन्यांचे ढीग लागलेले असतात. म्हणून खरं तर दिवाळीनंतर लगेच नमुना द्यावा.

माझा राग अजून गेलेला नाही, कारण थंडीतल्या कामाला हे तीनच आकडे लागतात. सामू ८ च्या वर आणि चुनखडी असेल तर जिप्समच्या गोण्या आणायला धावू नका. जिप्सम चोपण जमिनीसाठी, म्हणजे सोडियम जास्त असलेल्या. तिथे सामू सहसा ८.५ च्या पुढे जातो. नुसत्या चुनखडीवर जिप्सम घालणं म्हणजे पैसे मातीत घालणं. चुनखडीचा अंदाज घरीही येतो: वाळलेल्या मातीवर पातळ केलेल्या ॲसिडचे दोन थेंब टाका, जोरात फेस आला तर मोकळा चुना आहे. क्षारता १ डेसी सायमन प्रति मीटरपेक्षा कमी हवी. त्याच्या वर गेली की उगवणीला त्रास होतो, आणि शेंगवर्गीय पिकं त्यातल्या त्यात नाजूक. क्षारता जास्त दिसली तर विहिरीचं पाणीही तपासायला द्या, नाहीतर मातीला दोष देत बसाल आणि क्षार ठिबकमधून रोज येत राहतील.

कर्ब ०.४० टक्क्यांच्या खाली असेल तर तो कमी धरतात, आणि नत्राची मात्रा शिफारशीपेक्षा पाव हिश्शाने वाढवतात. शेणखत हेक्टरी २० ते २५ टन, म्हणजे गुंठ्याला साधारण २०० ते २५० किलो. पूर्ण कुजलेलं हवं. हातात घेतल्यावर शेणाचा वास आला किंवा आत गरम लागलं तर ते कच्चं आहे, त्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) येते आणि वाळवीही. थंडीत ढीग थंडावतो, म्हणून ओल टिकवा, उलथापालथ करा आणि वर काळं प्लास्टिक टाका. पाणी किती? मूठ दाबल्यावर बोटांमधून एखादाच थेंब यावा.

मिरचीचा विषय इथेच, नाहीतर राहून जाईल. रोपाला ४० ते ४५ दिवस लागतात, थंडीत त्याहून जास्त. बी डिसेंबरातच गादीवाफ्यावर पडायला हवं. वाफा १ मीटर रुंद, १५ ते २० सेंटिमीटर उंच. रात्री कमानीवर प्लास्टिक, सकाळी ऊन आलं की काढायचं. झाकलेलंच राहिलं तर आत दमट होऊन रोपं बुडाशी कोलमडतात. कारल्याचं बी कठीण कवचाचं, कोमट पाण्यात २४ तास भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून उबेला ठेवा, मोड दिसला की पिशवीत लावा. थंड मातीत सरळ टोचलेलं बी कुजतं आणि लोक दुकानदाराला शिव्या देतात.

शेणखत पसरल्यावर खणणी वाफशावर करा, म्हणजे माती ना ओलीचिंब ना कोरडी असताना. काळी माती ओली असताना खणली तर ढेकळं दगडासारखी होतात. वीतभर खालची मूठभर माती दाबून कमरेच्या उंचीवरून सोडा: फुटली तर वाफसा, पचकन बसली तर थांबा.

चुनखडीचं पाणी असेल तर याच दिवसांत ठिबकही साफ करून घ्या. नळ्यांची टोकं उघडून आधी गाळ वाहू द्या. मग नळीतल्या पाण्याचा सामू ४ पर्यंत उतरेल इतकं हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडा, २४ तास तसंच ठेवा आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा. ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही. हातमोजे आणि चष्मा लावूनच.

पत्रिका आली तेव्हा वेल मांडवावर चढायला लागले होते. तिच्यावर शिफारस हेक्टरात असते. हेक्टरात ढोबळ १०० गुंठे, म्हणून आकड्याला १०० ने भागा. हेक्टरी १०० किलो नत्र म्हणजे गुंठ्याला १ किलो नत्र, आणि युरियात नत्र ४६ टक्के, म्हणून युरिया २ किलो १७० ग्रॅम. तोही एकदम नाही, दोन-तीन हप्त्यांत. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्के, म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये पालाश ६० टक्के, त्याच हिशेबाने काढा.

जस्त ०.६ पीपीएमच्या (दहा लाख भागांत ०.६ भाग) आणि लोह ४.५ पीपीएमच्या खाली असेल तर कमतरता. लोहासाठी चुनखडीच्या जमिनीत हिराकस (फेरस सल्फेट) नुसतं मातीत टाकून फळत नाही, ते अडकून बसतं. लिटरला ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, अशी सकाळी पानांवर फवारणी करा. झिंक सल्फेट गुंठ्याला २०० ते २५० ग्रॅम, शेणखतात मिसळून. सुपर फॉस्फेटबरोबर मात्र ते एकत्र कालवू नका, दोन्हींमध्ये काही दिवसांचं अंतर ठेवा.

आणि हो, पिशवीतली चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, एक आत आणि एक बाहेर. पेनाची शाई ओलीने फुटते, आणि मग तुमचा नमुना क्रमांक शोधायला त्या वहीतही काही सापडत नाही.