पायातसुद्धा खिळे?

आजींचा उजवा पाय सकाळी गुडघ्याखालून काढायचा होता. जुनी शुगर, अंगठ्याची चिघळलेली जखम, मग गँगरीन. मुलानं संमतीच्या कागदावर सही केली होती. गाडी अडली होती गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर.

ऑपरेशन थिएटरमध्ये जाताना अंगावरचं सगळं उतरवावं लागतं. आजी पक्क्या वारकरी, माळ काढायला तयार होईनात. सून समजावून दमली. मी रात्रपाळीची नर्स; हात धुऊन आले, माळ आजींनाच काढू दिली, स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून सुनेकडे दिली. म्हटलं, "ऑपरेशन झालं की आधी हीच घालू."

आजी माझ्याकडे बघत राहिल्या. "तू बी माळकरी हाईस का गं?"

"नाही आजी, मी ख्रिस्ती."

"मंग तुझ्या देवाला सांग की माझ्यासाठी."

मी लगेच डोळे मिटले नाहीत. घटनेचं २५वं कलम धर्म पाळण्याचा आणि त्याच्या प्रसाराचा हक्क देतं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७७ साली सांगितलंय. वॉर्डात माझा नियम त्याहून कडक आहे. जो माझ्या सुईवर आणि सलाइनवर अवलंबून आहे, त्याच्यापुढे मी आपण होऊन येशूचं नाव काढत नाही. घाबरलेल्या पेशंटला सिस्टरचं मन मोडवत नाही, मग त्याच्या होकाराला अर्थ काय राहिला? पण कोणी मनापासून विचारलं, तर लपवणंही मला खोटेपणाचं वाटतं. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात तेच सांगितलंय: आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेनं.

सुनेला विचारलं. "करा की सिस्टर, त्यांचीच इच्छा हाय." मग आजींचा हात धरून साध्या मराठीत प्रार्थना केली. सर्जनच्या हातांसाठी, रात्रीच्या झोपेसाठी, आजींच्या भीतीसाठी.

"तुझ्या देवाला काय कळणार पाय जायचं दुखनं?"

"त्याला क्रुसावर खिळलं होतं, आजी. हातापायांत खिळे ठोकून."

"पायात बी?"

"हो."

त्यांनी चादरीखाली आपला पाय चाचपला. "मंग त्याला ठाव असंल," म्हणाल्या, आणि तोंडानं 'विठ्ठल विठ्ठल' करत झोपल्या. मी त्यात काही दुरुस्ती केली नाही, करायची गरजही वाटली नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढं आमच्या नगरच्या मातीत ख्रिस्ताची भक्ती अभंगातच गायली. ती भजनं म्हणत वाढलेल्या मला आजींचा तो स्वर परका कसा वाटेल?

सकाळी मुलगा तावातावानं आला. "रात्री आईला काय शिकवलं तुम्ही?" त्याचा राग मला समजत होता; आजारी माणसाच्या अडचणीचा कोणी फायदा घेतला तर मलाही येईल. जे बोललो ते शब्दाला शब्द सांगितलं. आजी स्ट्रेचरवरूनच म्हणाल्या, "म्याच सांगितलं तिला." तो गप्प झाला.

ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्यावर माळ सुनेनंच घातली. पुढं एकदा ड्रेसिंग करताना आजींनी विचारलं, "त्याचं म्होरं काय झालं?" ड्युटी संपल्यावर सांगते म्हटलं, आणि कामाचा चार्ज दुसऱ्या सिस्टरला देऊन स्टुलावर येऊन बसले. मुलगा खिडकीशी उभा होता. आजींच्या आधी त्यानंच विचारलं, "त्याला खाली कोणी उतरवलं मग?"

"अरिमथाईचा योसेफ म्हणून एक जण होता," मी सांगायला लागले. "त्यानं रोमी सुभेदार पिलाताकडे जाऊन येशूचं शरीर मागून घेतलं..."